आतोबांचा गुलाबी जबडा

माझे आतोबा कवळ्या करायचे. एवढं सांगितलं की लोक त्यांना दातांचे डॉक्टर समजतात, पण डॉक्टर वेगळे. डॉक्टर पुढच्या खोलीत पेशंटच्या जबड्याचं माप घ्यायचे आणि आतोबा मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि स्पिरिटच्या दिव्याच्या पसाऱ्यात बसून त्या मापावरून दात उभे करायचे. माणसाशी त्यांचा संबंध यायचा तो जबड्यापुरता. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर आतोबा बावचळल्यासारखे बघत राहायचे. समोरचा हसला की मात्र लगेच, "अरे, तुम्ही होय!"

मी नोकरी लागल्यावर काही वर्षं त्यांच्याकडेच राहायला होते. आत्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. सायकलवरून जायची, सायकलवरून यायची आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या आधी एक नजर सगळीकडे फिरवायची. आज काय गेलं, ते बघायला. कारण आतोबांकडे तोपर्यंत गाडी आली होती.

ही गाडी मूळची डॉक्टरांची. त्यांनी नवी घेतली आणि जुनी आतोबांना प्रेमाने देऊन टाकली. आत्याच्या भाषेत, गळ्यात मारली. शेवाळासारख्या रंगाची, पुढचा एक दिवा जरा खाली झुकलेला, त्यामुळे कायम डोळा मारल्यासारखी दिसणारी. पहिल्याच महिन्यात तिचं पुढचं चाक कुरकुरायला लागलं. आतोबा ती कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे घेऊन गेले. मेकॅनिकने आत डोकावून पाहिलं, हात पुसले आणि म्हणाला, "साहेब, याचा पाना वेगळा येतो. आपल्याकडे नाही तो."

या एका वाक्याने आतोबांचं आयुष्य बदललं.

घरी येऊन ते जेवताना थांबले. "वेगळा येतो म्हणजे काय? कुणीतरी केलाच असेल ना तो?"

"जेवा," आत्या म्हणाली.

"बाजारात तयार कवळी मिळते का? नाही मिळत. ज्याचं तोंड त्याचं माप. मग बोल्टाने काय घोडं मारलंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यातून माप घ्यायचा लगदा आणला, गाडीखाली शिरले आणि त्या बोल्टाचं माप घेतलं. एरवी ते पेशंटच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाहीत, पण डॉक्टरांचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकून पाठ झालेलं होतं. गाडीखालून मला स्पष्ट ऐकू आलं, "हं, आता हलायचं नाही. मळमळलं तर नाकाने श्वास घ्या."

मापावरून प्लास्टरचा बोल्ट झाला, आणि पलंगाच्या लोखंडी दांडीचं टोक तापवून, ठोकून, त्या प्लास्टरच्या बोल्टावर बसेल असा पाना झाला. तो मूळ बोल्टावर असा चपखल बसला की आतोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. चाकाची कुरकुर थांबली. रात्री पलंग कुरकुरायला लागला, पण त्याकडे लक्ष द्यायला ते जागे कुठे होते?

मग सुटलेच ते. इंजिनाला लावलेला ऑइल गाळायचा डबा बोटांनी फिरेना, तेव्हा त्यांनी कमरेचा पट्टा त्याला गुंडाळला, पट्ट्यात आत्याचं लाटणं अडकवून पिळलं, आणि डबा सुटला. पँटही सुटली, ती एका हाताने धरून ते विजयी वीरासारखे घरात आले. आत्याची विणायची सुई दाराच्या कुलपात गेली. पडद्याची दांडी कशात गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. आणि तोंडात घालून मागच्या दाढा बघायचा दवाखान्यातला छोटा आरसा तर कायमचाच इंजिनाकडे बदलून आला.

सगळ्यात गाजलं ते बाटलीचं प्रकरण. ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढायची होती. त्यासाठी एक बाटली हवी, वर नळी घट्ट बसेल अशी आणि किती ऑइल आलं ते दिसेल अशी. आतोबांनी औषधाच्या दुकानात जाऊन बाळाची दूध प्यायची बाटली घेतली. वर दुकानदाराला विचारलंही, "हिचं बूच जरा जास्त ओढ सहन करेल ना? आमच्याकडे जोर फार आहे."

संध्याकाळी शेजारचे विमावाले हसतमुखाने दारात. मागे त्यांची बायको. आत्याची पन्नाशी उलटून गेलेली.

"कळलं आम्हाला," विमावाले म्हणाले. "लपवण्यासारखं काय आहे त्यात? आता काळजी मात्र घ्यायला हवी. बाळाच्या नावाने एखादी पॉलिसी..."

आत्याने त्यांना हाताला धरून बाहेर नेलं आणि चाकाला नळी लावून बाटलीतून भुडभुडणारी गाडी दाखवली. विमावाल्यांनी वाकून बाटली पाहिली. "पितेय छान," एवढंच म्हणाले आणि घरी गेले.

आत्या बोलायची, चिडायची, तीनतीन दिवस अबोला धरायची. पण त्याच दिवसांत तिने कारखान्यातून उरलेलं जाड कापड आणून हत्यारं ठेवायला एक गुंडाळी शिवली. प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराचा कप्पा. वाकड्याला वाकडा, फुगीरला फुगीर. मी म्हटलं, "आत्या, एकीकडे ओरडतेस आणि एकीकडे शिवतेस."

"ओरडते ते त्यांच्यावर," ती म्हणाली. "हत्यारांनी काय केलंय माझं?"

मग गाडी गळायला लागली.

इंजिनाच्या पाठीमागे, जिथे माणसाचा हात पोचू नये अशीच काळजी घेतलेली असते तिथे, एक रबरी पाइप होता. त्यातून इंजिन थंड ठेवायचं हिरवं पाणी टिपटिपायचं. पाइपावर स्प्रिंगची गोल क्लिप होती. क्लिपला दोन कान. दोन्ही कान एकदम चिमटले तरच ती सैल होणार, आणि चिमटायला तिथे पक्कड जाईना. मेकॅनिक म्हणाला, याची पक्कड वेगळी येते. आतोबांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की मेकॅनिकने घाबरून विषय बदलला.

त्यांच्या दवाखान्यात कवळी जुळवायला पितळी बिजागरी असते. तिच्यावर वरचे दात आणि खालचे दात बसवले की ती तोंडासारखी उघडते, मिटते. आतोबांनी तशी एक जुनी बिजागरी घेतली. क्लिपच्या कानांचं माप काढलं. त्या मापाचे दोन बिनदाताचे जबडे, हिरड्यांना वापरतात त्याच गुलाबी प्लॅस्टिकचे, रीतसर उकळून पक्के केले. बिजागरीला सायकलच्या ब्रेकची लांब तार जोडली आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला ब्रेकचा दांडा. दांडा दाबला की लांब तिकडे इंजिनाच्या पोटात जबडा मिटणार. खरं सांगते, वस्तू देखणी होती. ब्रेक कुठून आला हे आत्याला कारखान्याच्या उतारावर कळलं. ती कुंपणाच्या मेंदीत जाऊन थांबली आणि तिथूनच कुणाच्या तरी हाती निरोप पाठवला की आज घरी स्वयंपाक होणार नाही.

त्याच आठवड्यात आतोबांकडे दुसरंही एक मोलाचं काम होतं. शहरातल्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना अख्खं गाव मोठ्या बाई म्हणायचं, त्यांची कवळी. तिला शेवटची पॉलिश द्यायला आतोबांनी ती बिजागरीसकट घरी आणली होती. जेवणाच्या टेबलावर दवाखान्याचे दोन पांढरे डबे शेजारी शेजारी होते. एकात मोठ्या बाईंचे दात, दुसऱ्यात गाडीचा जबडा.

सकाळी आतोबा गाडीखाली गेले. मी पायरीवर वाटाणे सोलत बसले होते. दवाखान्यातून सिस्टर आली, "मोठ्या बाई येऊन बसल्यात, डबा द्या." आत्याने हाताला लागला तो डबा दिला. थोड्या वेळाने गाडीखालून एक हात बाहेर आला, "अगं, टेबलावरचा डबा दे." आत्याने उरलेला दिला.

दवाखान्यात काय झालं ते सिस्टरने आम्हाला नंतर इतक्या वेळा सांगितलं की मी तिथे होते असंच मला वाटतं.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. मोठ्या बाईंची शाळा मुलींची खरी, पण अगदी खालच्या वर्गांत मुलगेही असायचे, आणि आमचे डॉक्टर त्या वर्गात बाईंच्या हाताखालून गेले होते. डॉक्टर साठीला आले तरी बाई आत आल्या की उभे राहायचे. डॉक्टरांनी डबा उघडला. आत दोन गुलाबी जबडे, दात एकही नाही, आणि वेटोळं करून ठेवलेली तार. त्यांनी तार वर उचलली. तिच्या टोकाला सायकलचा ब्रेक लोंबत होता.

"हे काय आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मला माहीत नाही, हे उत्तर डॉक्टरांना त्या वर्गातही कधी देता आलं नव्हतं. ते म्हणाले, "बाई, ही... नवी पद्धत आहे."

"समजावून सांग."

"ब्रेक दाबला की चावतं."

"आणि सोडला की?"

"उघडतं."

"दात कुठे आहेत?"

"दात... नंतर येतात, बाई."

बाईंनी ब्रेक हातात घेऊन दाबून पाहिला. जबडा टपकन मिटला. "म्हणजे एका हातात ब्रेक धरायचा. दुसऱ्या हाताने घास घ्यायचा. आणि बोलताना?"

डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. "बोलताना दाबत आणि सोडत राहायचं."

सिस्टर म्हणते, बाईंनी जबडा नाकाजवळ नेला, दोनदा वास घेतला आणि मग अगदी शांतपणे विचारलं, "याला गॅरेजचा वास का येतोय?" तेव्हा डॉक्टर इतके दिवस शाळेबाहेर असूनही आपोआप भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

इकडे आमच्याकडे आतोबांनी गाडीखाली डबा उघडला होता. आत मोठ्या बाईंचे सगळेच्या सगळे दात बिजागरीवर चमकत होते. शहाण्या माणसाने डबा बंद केला असता. पण आतोबांनी तोपर्यंत क्लिप अर्धी सरकवून ठेवली होती, पाणी त्यांच्या कानात गळत होतं, आणि खिशात ब्रेकची एक तार शिल्लक होती. जबडा तो जबडाच, असं त्यांच्या मनात आलं. एकदाच लावून बघू.

मी पायरीवरून ऐकलं ते इतकंच. एक बारीक "कट्". मग "अरे". मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा "अरे", पण वेगळ्या आवाजात.

दातांनी क्लिप चिमटली होती, अगदी हवी तशी. पण तार सोडताना बिजागरीची खीळ उडाली, सुळा क्लिपच्या फटीत अडकला आणि वरचे-खालचे दात पाइप चावून जे बसले ते बसले. आतोबांनी ओढलं, हलवलं, गोंजारलं. दात सुटेनात. आणि पाणी थांबलं होतं. एक थेंब नाही.

एवढ्यात टॅक्सीतून मोठ्या बाई उतरल्या. उंच, सडपातळ, हातात गुलाबी जबडा, मागे सिस्टर आणि सगळ्यात मागे डॉक्टर.

"माझे दात कुठे आहेत?" त्यांनी गाडीबाहेर आलेल्या दोन पायांना विचारलं. दात नसल्यामुळे शब्द मऊ येत होते, पण हुकूम तो हुकूमच.

"आहेत," पाय म्हणाले. "सुरक्षित आहेत."

"बाहेर काढा."

"तिथेच जरा अडलंय, बाई."

आतोबा बाहेर आले. एका बाजूने हिरवे, दुसऱ्या बाजूने काळे. डॉक्टर त्यांच्यावर खेकसणार तेवढ्यात बाईंनी हात वर केला आणि डॉक्टर गप्प बसले. आतोबांनी बॉनेट उघडलं, टॉर्च धरला आणि तो छोटा आरसा बाईंच्या हातात दिला. बाई वाकल्या. आरसा इकडून तिकडून फिरवला. इंजिनाच्या पाठीमागच्या अंधारात त्यांचे दात पाइप धरून बसलेले त्यांना दिसले असावेत, कारण त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

"छान बसलेत," शेवटी त्या म्हणाल्या.

आतोबांना राहवलं नाही. "तुमच्या जुन्या फोटोवरून सुळा किंचित तिरका ठेवला होता, बाई. त्या तिरकेपणामुळेच पकड आलीय. सरळ दात असते तर सटकले असते."

"गाडी चालू करा."

गाडी चालू केली. इंजिन तापलं. आत्याने खाली कोरडं फडकं पसरलं. ते कोरडंच राहिलं.

"वितळणार नाहीत?" बाईंनी विचारलं.

"उकळून पक्के केलेत. तुमच्या गरम चहापेक्षा थोडं जास्त, एवढंच."

मोठ्या बाई सरळ उभ्या राहिल्या. "इतकी वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या, "दिलेलं काम असं धरून बसलेलं मी कुणाला पाहिलं नाही." आणि हे म्हणताना त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

नवी कवळी करायचं ठरलं. ती आतोबांनी जीव ओतून केली आणि बाईंना ती उत्तम बसली. पण जुने दात आपले आहेत आणि त्यांचं कसं चाललंय ते पाहण्याचा आपल्याला हक्क आहे, असं बाईंचं म्हणणं पडलं. ते कुणाला खोडता येईना. त्यामुळे दर रविवारी त्या यायच्या, बॉनेट उघडायला लावायच्या, आरशातून तपासणी करायच्या. एकदा त्यांनी आतोबांना दात घासायचा ब्रशही आणून दिला. लांब दांडा लावून आतोबा दर शनिवारी तो फिरवायचे.

आत्याला हे अजिबात रुचलं नाही. "दर रविवारी एक परकी बाई येते," ती मला भांडी घासता घासता म्हणाली, "आणि माझ्या नवऱ्याबरोबर बॉनेटमध्ये डोकं घालून उभी राहते. लोकांना मी काय सांगू?"

"खरं ते सांग."

"खरं सांगितलं तर आणखीच वाईट दिसतं."

पण बाई एकदा गणवेशाच्या बाहीच्या बेताबद्दल बोलल्या, आत्याने त्यांची चूक काढली, बाईंनी ती मान्य केली, आणि त्यानंतर रविवारी चहाचे कप वाढले. पुढे पुढे तर तपासणी आटोपली तरी दोघी पायरीवर बोलत बसायच्या आणि आतोबांना बॉनेट कधी बंद करू हे विचारायला यावं लागायचं.

असे बरेच महिने गेले. पाइपाचं रबर म्हातारं झालं. चिरा पडायला लागल्या, तेव्हा आतोबांनी नवा पाइप मिळवला आणि एका रविवारी सगळ्यांसमक्ष दात सोडवायचं ठरवलं. बाई आल्या, डॉक्टर आले, सिस्टर आली. विमावाले बोलावलं नसताना आले.

आधी आतोबांनी बागेतल्या कात्रीची पाती उलटी बसवून एक हत्यार केलं होतं, दाबलं की उघडणारं. ते आत गेलं आणि स्वतःच अडकलं. ते काढण्यात निम्मी सकाळ गेली. मग त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा दातांच्या फटीत सारला आणि पंपाने हवा भरायला सुरुवात केली. दात हळूहळू उघडले, गुंजभर उघडले, आम्ही सगळे श्वास रोखून उभे, आणि ट्यूब अशी फुटली की विमावाले कुंपणापलीकडे आपल्या घरात जाऊन परत आले. दात पुन्हा मिटले.

"सरका," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दात उपटायची पक्कड आणली होती. कोट काढून ते आपल्याच जुन्या गाडीत छातीपर्यंत वाकले. सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "आ करा." कुणी आ केलं नाही. पक्कड दातांवरून घसरून बॅटरीवर आपटली आणि एक मोठी ठिणगी उडाली.

तेव्हा मोठ्या बाईंचा संयम संपला.

"बाजूला व्हा सगळे," त्या म्हणाल्या. चष्मा नाकावर खाली ओढला, कमरेवर हात ठेवले, बॉनेटमध्ये पाहिलं आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "तोंडातलं बाहेर काढ! आत्ताच्या आत्ता!"

क्षणभर काही नाही. मग आत "टक्" असा आवाज झाला, काहीतरी गडगडलं, आणि खाली ठेवलेल्या परातीत मोठ्या बाईंचे दात येऊन पडले.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांच्या पसरलेल्या तळहातावर अर्धी चघळलेली पेपरमिंटची गोळी होती. ती त्यांनी तोंडातून कधी काढली हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"रबर गार झालं की आकसतं," आतोबा सांगायला लागले. "ट्यूबमुळे सुळा आधीच सैल झाला असणार आणि पक्कड आपटली तेव्हा..." पण त्यांचं कोण ऐकतंय? सगळे परातीभोवती जमले होते. आत्याने कढत पाणी आणलं. दात धुतले, पुसले, उन्हात धरले. कुठेही टवका उडालेला नव्हता. विमावाले पुन्हापुन्हा म्हणत होते, "काय आवाज, बाई! काय आवाज!"

आणि तिकडे दात सुटल्याबरोबर पाइप भळाभळा गळायला लागला होता. आतोबा एकटेच गाडीपाशी होते. त्यांनी गुंडाळी उलगडली, त्यातला गुलाबी जबडा काढला, इंजिनाच्या पाठीमागे सोडला, आरशात बघून क्लिपच्या कानांवर बसवला आणि ब्रेक दाबला. क्लिप अलगद उघडली. त्यांनी जुना पाइप ओढून काढला, नवा बसवला, ब्रेक सोडला. क्लिप जागेवर बसली. लोणी कापावं इतक्या सहज झालं सगळं. ज्या कामासाठी तो जबडा केला होता ते काम त्याने पहिल्यांदाच केलं, आणि एकाच झटक्यात केलं.

आतोबांनी मान वर केली. त्यांच्याकडे बघणारी मी एकटी होते.

"बघितलंस?"

"बघितलं, आतोबा."

"एकदाही घसरला नाही."

"नाही."

त्यांनी परातीभोवतीच्या गर्दीकडे पाहिलं. "बोलावू का त्यांना?" त्यांनी विचारलं, पण माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच मान हलवली. "राहू दे. परत काढून दाखवायला लागेल." मग जबडा पुसून कप्प्यात ठेवला. त्या वेळी मला त्यांचं फार वाईट वाटलं होतं. पण संध्याकाळी ते न्हाणीघरात शीळ घालत होते, म्हणजे त्यांना काही तसं वाटत नसावं.

मोठ्या बाईंनी ते दात पुन्हा तोंडात घातले नाहीत. आतोबांनीच घालू दिले नाहीत. बाईंनी ते आपल्या घरी काचेच्या कपाटात, शाळेने दिलेल्या मानचिन्हाशेजारी ठेवले. कोपऱ्यावरचा मेकॅनिक एकदा आला आणि गुलाबी जबडा दोन दिवसांसाठी मागून घेऊन गेला. दुसऱ्याच दिवशी परत आणला. "तुमच्या गाडीशिवाय कशालाच बसत नाही हो, साहेब," तो वैतागून म्हणाला. आतोबा आठवडाभर हे वाक्य सगळ्यांना सांगत होते.

पुढे माझी बदली झाली आणि मी दुसरीकडे राहायला गेले. दवाखाना डॉक्टरांच्या सुनेने हातात घेतला. तिने कवळ्या बाहेरून मागवायला सुरुवात केली आणि आतोबा निवृत्त झाले. मग त्यांच्या गुडघ्याने दगा दिला. गुडघा बदलला, पण नवा गुडघा गाडीखाली जायला तयार होईना. कुठपर्यंत वाकायचं ते तो स्वतःच ठरवायचा. आत्याने फोनवर सांगितलं, "नुसते खिडकीत बसून गाडीकडे बघत असतात. तिला काही झालेलंही नाही. हाच त्रास आहे."

मी सुटी काढून गेले. पोचले तर गाडी बाजूला लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. आतोबा स्टुलावर पाय लांब करून बसलेले. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, आणि त्या पायांत आत्याच्या चपला.

"डावीकडे," आतोबा म्हणत होते. "डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे. आडवी झाल्यावर जी डावी होते ती. अगं, तो नाही, त्याच्या वरचा. जोर मनगटातून नाही, खांद्यातून..."

"अहो, जरा गप्प बसाल का?" गाडीखालून आत्या म्हणाली. "तुमच्या बोलण्यात मला आवाज ऐकू येत नाहीये. आणि उजेडातून सरका."

आतोबा स्टूल घेऊन सरकले. मला बघून त्यांचा चेहरा खुलला, पण बोलायचं नाही असा हुकूम असल्यामुळे त्यांनी नुसतीच मान हलवली. मग आपणही काहीतरी करावं असं त्यांना वाटलं असावं. काठी घेऊन ते उठले, "चहा टाकतो," असं माझ्या कानात सांगून घरात गेले. आतून डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज यायला लागले. ते आवाज बराच वेळ चालले.

मग स्वयंपाकघराच्या खिडकीत आतोबांचं डोकं दिसलं.

"अगं," ते दबकत म्हणाले, "आपल्याकडे साखर कुठे असते?"

गाडीखालचे पाय हलायचे थांबले.

"कुठल्याही डब्याला हात लावू नका," आत्या म्हणाली. "मी येते."